फियाटचं एस्टिमेट

गाडीवर मोठा खर्च करायला निघालेला माणूस गॅरेजात आला, की बाबा त्याला पैशांचं आधी विचारत नसत. गाडी घाट चढते का, पावसाळ्यात उभी कुठे असते, मागे किती माणसं बसतात, चालवतं कोण, हे विचारत. ही चौकशी झाल्याशिवाय एस्टिमेटची वही उघडायची नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. ते सांगत आणि मी लिहीत असे; कॉलेजात असल्यापासून गॅरेजची लिखापढी माझ्याकडेच होती. मध्य मुंबईतल्या आमच्या गॅरेजात तऱ्हेतऱ्हेच्या गाड्या येत, पण वही कुठेही उघडली तरी बहुतेक पानांवर फियाटच निघते. त्यातले आकडे आज देण्यात अर्थ नाही, रुपयाची किंमतच पार बदलली. पण कोणत्या कामाला आधी पैसे काढले, कोणतं पुढे ढकललं आणि कशाला साफ नाही म्हटलं, हे त्या पानांवर स्वच्छ दिसतं. माणूस आपल्या गाडीत काय बदलायला निघतो, हे त्या काळी त्याला काय मिळत नव्हतं त्यावर ठरतं, असं माझं या वह्यांवरून ठाम मत झालं आहे.

फियाट ही मुळात मुंबईची गाडी. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीला डॉज, प्लिमथ अशा अमेरिकी गाड्यांची जुळणी होई. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि पन्नासच्या दशकात 1100 आली. गोल अंगाची, पुढची दारं उलटी उघडणारी ती गाडी, तिला सगळे ‘डुक्कर फियाट’ म्हणत. 1964 मध्ये चौकोनी बांध्याची 1100 डी आली. सत्तरच्या दशकात इटालियन नाव गेलं, काही काळ ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी. नाव बदललं, गाडी तीच राहिली. इंजिन 1089 सीसी, बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, चारही चाकांना ड्रम ब्रेक, पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. चौसष्टच्या गाडीला नव्वदच्या गाडीचं बहुतेक सामान बसायचं. गाडीत फेरफार करणाऱ्यांच्या दृष्टीने ही फार मोठी सोय होती. सामान शोधायला लांब जावं लागत नसे, कुर्ल्याच्या भंगार बाजारात एक फेरी मारली की निम्मी यादी पुरी होई.

नवी गाडी मात्र सहजी मिळत नसे. 1959 च्या सरकारी आदेशाने मोटारींच्या विक्रीवर आणि वाटपावर नियंत्रण आलं होतं. पैसे भरून नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं थांबायचं. हातात असलेली गाडी विकली तर दुसरी कधी मिळेल याचा भरवसा नाही, म्हणून जुनीच पुन्हा नवी करायची. आमच्या सुरुवातीच्या वह्यांमधलं प्रत्येक मोठं एस्टिमेट या एका गरजेतून आलेलं आहे. ‘हाफ इंजिन’ की ‘फुल इंजिन’, एवढाच काय तो निर्णय. हाफ म्हणजे रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंग. फुल म्हणजे बोअर, पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग सगळंच.

बोअरचं काम मी जवळून पाहिलं आहे. इंजिन खाली उतरवून हेड काढलं, की बाबा सिलिंडरच्या वरच्या कडेवरून नख फिरवत. रिंग जिथपर्यंत पोहोचते तिथे भिंत झिजलेली आणि त्याच्यावर एक बारीक कड उरलेली असते. नखाला ती कड लागली, की मापाचं घड्याळ आत सोडायचं. वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवं आणि उभं. सिलिंडर नुसता मोठा होत नाही, अंडाकृती होतो. पिस्टन ज्या बाजूला दाबतो ती बाजू जास्त झिजते. मग लेथवाल्याकडे ब्लॉक जाई आणि ओव्हरसाइज पिस्टन बसे. शेवटचं माप संपलं, की स्लीव्ह घालून पुन्हा मूळ मापावर यायचं. अशा रीतीने एकेका ब्लॉकने मालकाच्या दोन पिढ्या काढल्या.

“बोअर वाढवलं की पिकअप वाढेल ना?” हे हमखास विचारलं जाई. बाबा कागदावर गणित मांडून दाखवत. बोअर पुरतं एक मिलिमीटर वाढवून 69 केलं तर 1089 चे होतात 1122 सीसी. तीन टक्के. इंजिनकामानंतर गाडी पळते ती या तीन टक्क्यांनी नाही, गळणारं कॉम्प्रेशन पुन्हा धरलं जातं म्हणून. तेव्हा पिकअपसाठी पैसे काढत असाल तर बोअरवर काढू नका. झिजलं असेल तरच करा. असं गिऱ्हाइकाला समोर बसवून सांगणारी गॅरेजं तेव्हाही फार नव्हती, आणि या गोष्टीचा मला आजही अभिमान आहे.

डिसेंबर 1968 मध्ये मुंबईच्या मोटारवाल्यांना एक वेगळंच दर्शन घडलं. लंडनहून सिडनीला निघालेल्या मॅरेथॉनच्या गाड्या युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान पार करून इथे पोहोचल्या. 98 निघाल्या होत्या, 72 मुंबईत आल्या आणि ‘चुसान’ जहाजाने ऑस्ट्रेलियाला गेल्या. बाबा त्या पाहायला गेले होते आणि पुढे अनेक वर्षं त्याविषयी बोलत. साध्याच घरगुती गाड्या, पण पोटाखाली जाड पत्र्याचा सम्प गार्ड, पुढे जादा दिवे, मागे पेट्रोलची वाढीव टाकी. त्यांना भावली ती त्यातली निवड. शोभेचं काही नव्हतं. जे होतं ते पुढच्या दहा हजार मैलांचा विचार करून. त्यानंतर आमच्याकडे सम्प गार्ड बनू लागले. कोकणात नियमित जाणारे लोक ते आवर्जून बसवून घेत, कारण तिकडच्या कच्च्या रस्त्यावर एक धोंडा सम्पला लागला की तेल सांडून इंजिन तिथेच जाई. एका पत्र्याच्या खर्चात फुल इंजिनचा खर्च वाचत असे.

अशीच एक स्वस्त आणि अस्सल मुंबईकर सुधारणा म्हणजे पेट्रोल पंपाची. फियाटचा पंप इंजिनाला चिकटलेला. बोरघाटात, एप्रिल-मे महिन्यात, ट्रकांच्या मागे रांगत चढताना त्यातलं पेट्रोल तापून वाफ धरे आणि गाडी बंद पडे. मग पंपावर ओलं फडकं टाकून वाट पाहायची. खोपोलीच्या पुढे बॉनेट उघडं टाकून उभ्या राहिलेल्या फियाटा ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे सांगायला नको. टाकीजवळ विजेवर चालणारा पंप बसवला आणि रेडिएटरला जास्त रांगांचा कोअर घातला, की हा त्रास संपे. घाट चढते का, हा प्रश्न बाबा पहिल्यांदा विचारत तो यासाठीच. माहीमहून फोर्टला जाऊन-येऊन असणाऱ्या गाडीला हा खर्च करण्याचं काहीच कारण नव्हतं.

1973 च्या तेलसंकटानंतर वह्यांमधली भाषा पालटते. तोवर ‘पिकअप’ हा शब्द होता, आता ‘अ‍ॅव्हरेज’ येतो. कार्ब्युरेटरचे जेट, इग्निशनचं टायमिंग, टायरची हवा, यावर लोक बोलू लागले. पुढे डिझेलचा विचार डोक्यात घेऊन येणारे वाढले. पेट्रोल आणि डिझेलच्या दरात तेव्हा मोठी तफावत होती आणि दुसऱ्या गाड्यांची डिझेल इंजिनं बाजारात फिरत होती.

डिझेलचं एस्टिमेट बाबा दोन पानांवर करत. पहिल्या पानावर खर्च. त्यात इंजिनाची किंमत हा जेमतेम निम्मा भाग. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढचे स्प्रिंग बदला. त्याचे हादरे मोठे, म्हणून फाउंडेशनची रबरं आणि ब्रॅकेट नवी करा. रेडिएटर, क्लच, बॅटरी, स्टार्टर, सायलेन्सरचा पाइप. नाकावर वजन वाढलं तर ब्रेकही तसे हवेत. शेवटी आरटीओकडे इंजिन नंबर बदलण्याचं काम. दुसऱ्या पानावर बचत: किलोमीटरमागे पेट्रोलला किती, डिझेलला किती, आणि फरक. पहिल्या पानाच्या बेरजेला त्या फरकाने भागायचं. जे किलोमीटर येतील तितकी गाडी चालल्यावर पहिला रुपया सुटणार. टॅक्सीवाला दिवसाकाठी शंभरावर किलोमीटर धावणारा. त्याचा खर्च लवकर वसूल होई. घर ते दवाखाना आणि अधूनमधून पुणे, एवढीच गाडी चालवणाऱ्या डॉक्टरांचं गणित मात्र काही केल्या बसत नसे. तेवढे किलोमीटर होईपर्यंत गाडीचा पत्रा शिल्लक राहील का, असं बाबा त्यांना विचारत.

आणि पत्रा हेच मुंबईतल्या फियाटचं खरं दुखणं. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. अंगाचा पत्रा हीच तिची चासी. पावसाळ्यात बुटांबरोबर आत आलेलं पाणी रबरी मॅटखाली जातं आणि तिथेच मुरतं. खारी हवा आहेच. वरून मॅट नीटनेटकी दिसते. ती उचलून खालचा ओला नमदा खरवडला आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक जरा दाबलं, की कित्येकदा ते सरळ खालच्या लादीपर्यंत जाई. दाराखालची पट्टी आतून सडली असेल, तर जॅक लावताच गाडी मध्ये वाकते आणि दार लागेनासं होतं. म्हणून बाबा जॅक लावून चारही दारं उघडझाप करून बघितल्याशिवाय एस्टिमेट देत नसत. तरीही पत्रा कापायला घेतल्यावर आत काय निघेल ते आधी कुणालाच कळत नाही. वहीत प्रत्येक मोठ्या कामाखाली ‘निघेल ते’ अशी एक ओळ असे आणि तिच्यापुढे एकूण रकमेचा चौथा हिस्सा मांडलेला असे. ती ओळ खोडायला सांगणाऱ्या गिऱ्हाइकाचं काम बाबा घेत नसत. अर्ध्यावर पैसे संपलेली, काचा-सीटं काढून कोपऱ्यात उभी राहिलेली गाडी पाहणं त्यांना सहन होत नसे. अशा गाडीचं सामान हळूहळू हरवतं आणि मग ती कधीच उभी राहत नाही.

रंगाच्या बाबतीत ते फार कडक होते. लोकांना आधी रंग हवा असायचा. ड्युकोचा चकाकता हात, क्रोम केलेले बंपर, नवं रेक्झिन. शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसतं ते तेवढंच. पण ब्रेक, स्टिअरिंग, किंग पिन, टायर झाल्याशिवाय रंगाचं काम लिहायचं नाही. त्यानंतर पत्रा, मग इंजिन थंड राखण्याची कामं, मग इंजिन, आणि सगळ्यात शेवटी रंग. आधीच रंगवलेल्या गाडीत इंजिन उतरवायचं म्हटलं की मडगार्डला ओरखडा ठरलेला, हेही त्यामागचं एक कारण. त्या क्रमात मी आजही काही बदलणार नाही.

1983 च्या डिसेंबरात मारुती 800 आली आणि पन्नास हजारांच्या आसपास नवी गाडी मिळू लागली. फियाटचं काम एकदम बंद पडेल असं वाटलं होतं. झालं उलटंच. ज्यांना निव्वळ गाडी हवी होती ते गेले, ज्यांना हीच गाडी हवी होती ते राहिले. 1980 मध्ये मुंबईच्या नाझिर हुसेन यांनी हिमालयन रॅली सुरू केली होती. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर फियाटा शर्यतीत पळत होत्या. शर्यतींची ही हवा लागलेली तरुण मुलं मासिकांतली चित्रं घेऊन येऊ लागली. 1985 मध्ये प्रीमियरनेच 118 एनई काढली. तिच्यात निस्सानचं 1171 सीसीचं इंजिन आणि खाली, हाताशी गिअर. झालं, प्रत्येकाला ते इंजिन आणि तो गिअरबॉक्स पद्मिनीत हवा होता.

तो बदल कागदावर सोपा दिसतो आणि करायला घेतला की पसरत जातो. गिअर खाली आणायचा तर मधला पत्रा कापावा लागतो. गिअरबॉक्सची लांबी वेगळी, म्हणून प्रॉपेलर शाफ्ट कापून पुन्हा बॅलन्स करा. दांड्यावरचा गिअर गेला की पुढची अखंड सीट ठेवण्यात अर्थ नाही, बकेट सीट घाला. वेग वाढला की ड्रम ब्रेक अपुरे; डिस्क लावायची तर हब, मास्टर सिलिंडर, बूस्टर सगळंच आलं. त्या मुलांच्या हाती खर्चाची यादी ठेवताना त्यांचे उतरलेले चेहरे मला आठवतात. बाबा त्यांना हाकलत नसत. “काम तीन वर्षांत वाटून घे, बाळा. यंदा ब्रेक आणि टायर कर. पुढच्या वर्षी परत ये,” असं सांगत. दर टप्प्याच्या शेवटी गाडी रस्त्यावर चालती राहिली पाहिजे, ही त्यांची अट. काही जण खरंच दरवर्षी येत, आणि त्यांच्या गाड्या सर्वांत उत्तम झाल्या. अखेरच्या काळात कंपनीनेच खाली गिअर असलेली, बकेट सीटची पद्मिनी काढली. इटालियन डिझेल इंजिनाचीही काढली. गॅरेजवाले जे दहा वर्षं करत होते ते कारखान्याने उशिरा केलं. 2000 च्या सुमारास उत्पादनच थांबलं.

त्याच सुमारास या शहरातला सगळ्यात मोठा फेरफार घडला आणि तो हौसेने नव्हे, न्यायालयाच्या आदेशाने. हवेच्या प्रदूषणाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, आदेश निघाले आणि जुन्या टॅक्सींना सीएनजीवर जाणं भाग पडलं. ज्यांनी कर्ज काढून डिझेल इंजिन बसवलं होतं, त्यांना दुसऱ्यांदा खर्चात पडावं लागलं. हातावर पोट असलेल्या माणसांसाठी तो काळ कठीण होता. किटचा पैसा एकदाच जातो, पण सिलिंडरची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करावी लागते, हे त्यांना कुणी आधी समजावून सांगितलेलं नसे. डिकीत सिलिंडर गेला, सामान टपावरच्या कॅरिअरवर चढलं, मागचे पाटे बसू लागले म्हणून एक जादा पाटा. पण गॅस स्वस्त पडला आणि काळ्या-पिवळ्या पद्मिनी त्यावर आणखी वीस वर्षं धावल्या. टॅक्सीचं वय राज्य सरकारने 2008 मध्ये 25 वर्षांवर आणि 2013 मध्ये 20 वर्षांवर आणलं. टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2003 ची. ऑक्टोबर 2023 अखेर तिची मुदत संपली.

गॅरेज आता नाही. माझ्याकडे मात्र अजून लोक येतात, वह्या बघायला आणि हिशेब मांडून घ्यायला. पुण्या-ठाण्यातली तिशीतली मुलं-मुली, आजोबांची फियाट गावच्या पडवीतून काढून आणलेली. त्यांच्या यादीतला पहिला मोठा रकाना हा कायद्याचा असायला हवा, हे मी त्यांना आधी सांगते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 पूर्वीपासून होतं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कंपनीच्या मूळ वर्णनाशी विसंगत असे बदल गाडीत करता येणार नाहीत. इंजिन बदलायचं तर परवानगी आणि आरसीवर नोंद हवी. पंधरा वर्षांनंतरच्या नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 मध्ये सहाशेवरून पाच हजारांवर गेली होती.

शिवाय जुलै 2021 मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचे नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी असेल तर विंटेज म्हणून नोंद होते. नव्या नोंदणीला वीस हजार, नूतनीकरणाला पाच हजार. अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच बाहेर काढायची. 1964 ची 1100 डी तर त्यात कधीच आली, आता सुरुवातीच्या पद्मिनीही येऊ लागल्या.

त्यामुळे आजचं एस्टिमेट उलट्या दिशेने चालतं. ज्या गाडीत 1988 मध्ये हौसेने खाली गिअर घातला, तिच्यात आता दांड्यावरचा गिअर परत बसवायचा आहे. कापलेला पत्रा पुन्हा जोडायचा, अखंड सीट शोधायची, अल्टरनेटर काढून डायनॅमो लावायचा. तेव्हा भंगारात किलोवर गेलेले गिअरचे दांडे आणि दिव्यांच्या रिंगा आता नगावर विकल्या जातात. बाबांनी ज्या मुलांना काढलेलं सामान गोणपाटात बांधून, चिठ्ठी लावून घरी न्यायला लावलं होतं, त्यांच्या घरच्यांचा सामानखरेदीचा रकाना आज रिकामा राहतो.

येणाऱ्यांची यादी मी त्याच क्रमाने लावते: ब्रेक, स्टिअरिंग, टायर, पत्रा. एक ओळ तेवढी नवी वाढली आहे. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे पाइप आणि पंपातला पडदा इंजिन सुरू करण्याआधी बदलून घ्यायचे. ब्रेकची जागा आधी, आगीची धास्ती त्याला लागून, आणि मगच इंजिन. ‘निघेल ते’ची ओळ चौथ्या हिश्श्याची होती ती मात्र मी तिसऱ्या हिश्श्यावर नेली आहे, कारण पन्नास पावसाळे काढलेल्या पत्र्याखाली पंधरा पावसाळ्यांच्या पत्र्यापेक्षा जास्तच निघतं.